जुनी भांडी घेताना : वाचकांचे प्रश्न

स्वयंपाकघरातील जुन्या वस्तू विकत घेण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी एकत्र उत्तरे देत आहोत. बहुतेक पत्रांत विचारणा भावाची आहे. आमचा कल मात्र आधी दुरुस्तीची चौकशी करण्याकडे आहे, कारण वस्तू वापरण्याजोगी करून घेण्याचा खर्च विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यात मिळवल्याशिवाय तिची खरी किंमत कळत नाही, आणि ती दुरुस्त करणारा माणूसच आसपास उरला नसेल तर तो हिशेब मांडताच येत नाही.

प्रश्न : आम्ही दोघांनी नुकतेच नवे बिऱ्हाड मांडले आहे. रोजच्या स्वयंपाकासाठी तांब्या-पितळेची काही भांडी असावीत असे वाटते, परंतु नव्याचे भाव परवडत नाहीत. पुण्यात जुनी भांडी कोठे मिळतील आणि ती कशी पारखावीत? — एक वाचिका, पुणे

उत्तर : पुण्यात जुन्या वस्तूंचे नाव निघाले की मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजाराकडे बोट दाखवले जाते. तेथे हिंडण्यात मौज आहे आणि अधूनमधून चांगला बिडाचा तवा किंवा पितळी डबा हाती लागतोही. परंतु ठरवून चार भांडी घ्यायची असतील तर भांड्यांच्या जुन्या दुकानांत विचारणे अधिक उपयोगी पडते. नवी भांडी घेताना गिऱ्हाईक घरातले जुने तांबे-पितळ मोडीत देते आणि दुकानदार ती मोड वितळवण्यासाठी पुढे पाठवतो. ती जाण्याआधी त्यातील धड पातेली, पराती आणि डबे मोडीपेक्षा थोड्या चढ्या भावाने देण्यास पुष्कळ दुकानदार तयार असतात. ही भांडी दर्शनी फळीवर नसतात, म्हणून ‘मोडीत आलेले काही धड आहे का’ असे स्पष्ट विचारावे लागते. कसबा पेठेतील तांबट आळीत एक फेरी अवश्य मारावी. पेशवाईच्या काळात कोकणातून येऊन येथे स्थिरावलेल्या त्वष्टा कासारांची ही वस्ती असून, पोचे काढून भांडे पुन्हा मठारून देणारे हात तेथे भेटतात. मुंबईच्या चोर बाजारातही पितळ भरपूर आहे, पण त्याची किंमत दिवाणखान्यात मांडायची वस्तू म्हणून लावलेली असते. ज्याला त्यात आमटी उकळायची आहे त्याने त्या भावाच्या वाटेला जाऊ नये. बाजारात जाण्याआधी आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांना माळ्यावर काय आहे ते विचारले असेलच असे आम्ही गृहीत धरतो.

भांडे हातात आल्यावर पहिले काम लोहचुंबकाचे. पितळेला आणि तांब्याला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे लोखंडावर पितळेचा मुलामा दिलेली वस्तू तेथेच उघडी पडते. काठाशी मात्र चुंबक ओढला गेला तर लगेच फसवणुकीचा संशय घेऊ नये. पुष्कळ भांड्यांचा काठ आत लोखंडी तार घालून वळवलेला असतो. मात्र तार आणि लोखंडी कड्या यांचे वजनही तुम्ही पितळेच्याच भावाने विकत घेत असता, एवढे ध्यानात ठेवून घासाघीस करावी. त्यानंतर भांड्यात पाणी भरून ते कोरड्या वर्तमानपत्रावर काही वेळ ठेवावे, म्हणजे उन्हाकडे धरूनही न दिसणारे बारीक भोक कागद ओला झाल्याने कळते. बूड बोटांनी दाबून पाहावे. वर्षानुवर्षे राख आणि नारळाच्या शेंडीने घासली गेलेली भांडी बुडाशी पातळ होतात, आणि दाबल्यावर लवणारे बूड आचेवर फार काळ टिकत नाही. पोचे, डाग, काळपटपणा, हिरवट कळंक यांना भिण्याचे कारण नाही, कारण ते सारे निघते. भ्यावे ते राखाडी ठिगळाला. जुन्या दुरुस्तीत भोक बुजवण्यासाठी जो डाख लावत असत त्यात शिसे असण्याचा संभव मोठा असतो, म्हणून आतल्या बाजूने डाख लावलेले भांडे कितीही देखणे असले तरी अन्नासाठी घेऊ नये. त्यात फुले ठेवावीत.

आता कल्हईविषयी, कारण हा सारा व्यवहार तिच्यावर अडून आहे. चिंच, कोकम, टोमॅटो, दही, ताक असे आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या संपर्कात आले की धातू अन्नात उतरतो. ताक कळकते आणि ते पोटात गेल्यास मळमळ व उलट्या होतात. म्हणून ज्यात शिजवायचे किंवा आंबट काही ठेवायचे त्या भांड्याला आतून कल्हई हवीच. साधे पिण्याचे पाणी साठवण्याच्या तांब्याच्या हंड्याला किंवा कणीक मळण्याच्या पितळी परातीला ती नसली तरी चालते. कल्हईवाला भांडे भट्टीवर तापवतो, नवसागराची पूड टाकतो, कथलाची कांडी फिरवतो आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आतून सर्वत्र पसरवतो. भांड्यातून निघणारा पांढरा धूर नवसागराचा असतो. कथील महाग आणि शिसे स्वस्त असल्यामुळे भेसळीचा मोह येथे जुनाच आहे. कांडी हातात घेऊन किंचित वाकवून पाहण्यास कारागिराची हरकत नसावी. शुद्ध कथील वाकताना करकर असा बारीक आवाज करते, आणि शिसे जास्त असलेली कांडी कागदावर ओढली तर करडी रेघ उमटते. या दोन्ही परीक्षा घरगुती आहेत, प्रयोगशाळेच्या नव्हेत, परंतु आपल्याला काही कळते हे समोरच्याला कळण्यापुरता तरी त्यांचा उपयोग होतो.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे कल्हईचे भांडे रिकामे आचेवर ठेवू नये, त्यात खमंग परतण्या-तळण्याची कामे करू नयेत आणि ढवळण्यासाठी लाकडी डाव वापरावा. तारेच्या घासणीने घासल्यास कल्हई लवकर उडते. आतून तांबडा किंवा पिवळा रंग डोकावू लागला की ती पुन्हा करून घ्यावी. दारोदार फिरणारे कल्हईवाले आता क्वचितच दिसतात, म्हणून भांडे घेण्यापूर्वी त्याच दुकानात कल्हई कोण करून देईल, किती दिवसांनी आणि कोणत्या दराने, हे विचारून घ्यावे. दुकानदाराने उत्तर टाळले तर एखादी परात घेऊन बाहेर पडावे. पहिल्या खरेदीत पसरट पातेली आणि झाकणाचे डबे घ्यावेत असे आम्ही सुचवू. अरुंद गळ्याची भांडी डोळ्यांना भुरळ घालतात, परंतु त्यांच्या आत हात जात नाही, आणि ज्या भांड्याचे आतले अंग दिसत नाही त्याची पारख करता येत नाही.

प्रश्न : जुन्या भांड्यांवर कोणाकोणाची नावे कोरलेली असतात. सासूबाईंना दुसऱ्याच्या नावाच्या ताटात जेवणे बरे वाटत नाही. ही नावे काढता येतात का? — एक वाचिका, सांगली

उत्तर : यंत्राने टिंब-टिंब करून घातलेले उथळ नाव पॉलिश करणाऱ्याकडे चाकावर घासून पुष्कळसे पुसट होते, परंतु ताट पातळ असेल तर त्या ठिकाणी ते आणखी पातळ होते आणि चकाकीत फरक राहतोच. छिन्नीने खोल कोरलेले नाव काढण्याच्या भानगडीत पडू नये. सासूबाईंच्या मनाला ते लागत असेल तर ताटे नवी घ्यावीत आणि जुन्यांतून डबे, पातेली, झारे घ्यावेत. असल्या बाबतीत युक्तिवाद करून मिळवलेला विजय जेवणाच्या वेळी महाग पडतो. आमच्या दृष्टीने मात्र नाव असणे सोयीचेच. अमक्याच्या लग्नात तमक्यांकडून, अशा मजकुरासोबत तारीख घालण्याची रीत असल्यामुळे भांड्याचे वय विक्रेत्याच्या सांगण्यावर अवलंबून राहत नाही. एक खबरदारी मात्र घ्यावी. देवस्थान, गणेश मंडळ किंवा ज्ञातिसंस्था यांचे नाव असलेली मोठी पातेली, घंगाळी आणि पराती बाजारात दिसल्यास ती तेथे कशी आली हे विचारल्याशिवाय घेऊ नयेत. संस्थेने रीतसर विकली असतील तर विक्रेत्याला ते सांगता येते.

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही काही वर्षांसाठी न्यू जर्सीत आलो आहोत. परत जाताना सोडूनच द्यावे लागणारे सामान नवे घेणे जिवावर येते. येथील थ्रिफ्ट स्टोअर आणि गॅरेज सेलमध्ये मराठी स्वयंपाकाच्या उपयोगाचे काय मिळेल? — एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आधी या जागांचे रिवाज सांगतो. गुडविल ही १९०२ साली बोस्टनमध्ये सुरू झालेली संस्था असो की साल्व्हेशन आर्मी, त्यांच्या दुकानांतील माल लोकांनी दान दिलेला असतो, किंमत चिकटवलेली असते आणि घासाघीस चालत नाही. मात्र अनेक शाखांत ठरावीक रंगाच्या चिठ्ठीच्या वस्तूंवर त्या-त्या आठवड्यात सूट असते. गॅरेज सेल घरमालक स्वतः मांडतो, बहुधा शनिवारी सकाळी, आणि तेथे भाव करणे कोणाला वावगे वाटत नाही. लवकर जाणाऱ्याला निवड मिळते आणि उशिरा जाणाऱ्याला सवलत. इस्टेट सेलमध्ये एखाद्या वृद्ध व्यक्तीच्या निधनानंतर किंवा स्थलांतरानंतर पूर्ण घराचे सामान विक्रीस निघते. स्वयंपाकघराच्या दृष्टीने आम्ही याला पहिला मान देतो, कारण तेथे फेकण्याजोगे म्हणून दान केलेले नव्हे तर आयुष्यभर वापरलेले भांडे मिळते, आणि शेवटच्या दिवशी उरलेल्या मालाच्या किमती बहुधा निम्म्यावर येतात.

घ्यावे ते बीड. अमेरिकन बिडाच्या जुन्या भांड्यांत ईरी, पेनसिल्व्हेनिया येथील ग्रिसवोल्ड आणि सिडनी, ओहायो येथील वॅग्नर ही नावे मोठी. त्यांचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत केलेला असल्यामुळे त्यावर धिरडी आणि घावन सुरेख सुटतात. परंतु संग्राहकांनी त्या नावांचे भाव चढवून ठेवले आहेत, आणि बुडावर काहीच न छापलेला जुना तवा थालीपिठासाठी त्यांच्याइतकाच चांगला असतो. पोळी-भाकरीसाठी उभ्या काठांचे पॅन घेऊ नये, उलथने आत शिरत नाही आणि हात भाजतो. ग्रिडल या नावाने मिळणारा सपाट, गोल तवा शोधावा. तो फरशीवर ठेवून डगमगतो का पाहावे आणि बोटाच्या पेराने वाजवावा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा आहे असे समजून परत ठेवावा. गंजाला भिऊ नये. तो जाड मीठ आणि घासणीने, फारच असेल तर व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन त्यात थोडा वेळ भिजवून निघतो. मग तवा कोरडा करून, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून, ओव्हनमध्ये पालथा ठेवून सुमारे २३० अंश सेल्सिअसला तासभर तापवावा आणि हे दोन-तीन वेळा करावे. एका गोष्टीची मात्र तेथे विशेष चौकशी हवी. मासेमारीची वजने किंवा बंदुकीच्या गोळ्या ओतण्यासाठी काही लोक जुन्या बिडाच्या भांड्यांत शिसे वितळवतात. गॅरेजमधील अवजारांच्या ढिगातून निघालेले लहानसे पॅन, आत राखाडी थेंब किंवा थर असल्यास, फुकट मिळाले तरी घेऊ नये.

काचेच्या बाबतीत नावावर विसंबू नये. निळ्या फुलांची पांढरी कॉर्निंगवेअर भांडी १९५८ पासून निघाली. ती काच-सिरॅमिकची असून थेट शेगडीवर चालतात, पण त्याच नावाची पुढच्या काळातील पुष्कळ भांडी चिनीमातीची आहेत आणि ती शेगडीवर तडकतील. बुडावरचा मजकूर वाचूनच घ्यावे. पायरेक्सची अमेरिकेत विकली जाणारी भांडी गेली कित्येक दशके बोरोसिलिकेट नव्हे तर सोडा-लाइम काचेची असतात, म्हणून ती फ्रीजमधून काढून लगेच ओव्हनमध्ये ठेवू नयेत. बाहेरून रंगीत नक्षी असलेल्या जुन्या वाडग्यांच्या रंगात शिसे असू शकते; नक्षी झिजून रंग हाताला येत असेल तर ते अन्नासाठी वापरू नयेत.

कुकर, इडलीपात्र, मिक्सर या आपल्या वस्तू थ्रिफ्ट स्टोअरमध्ये नव्हे, तर परतीच्या वाटेवर असलेल्या भारतीय कुटुंबांच्या मूव्हिंग सेलमध्ये मिळतील. मिक्सरच्या बुडावरची पाटी अवश्य वाचावी. भारतातून आणलेला मिक्सर २३० व्होल्टचा असतो आणि अमेरिकेत वीज १२० व्होल्टची. त्यासाठी लागणारा वजनदार ट्रान्सफॉर्मर विकत घेण्यापेक्षा ११० किंवा १२० व्होल्टचाच मिक्सर मिळेपर्यंत थांबावे. विजेवर चालणारी कोणतीही वस्तू, विशेषतः इलेक्ट्रिक कुकर, घेण्यापूर्वी तिचा मॉडेल क्रमांक अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या परत मागवलेल्या वस्तूंच्या यादीत नाही ना, ते पाहावे.

प्रश्न : आम्ही चार विद्यार्थी भाड्याच्या खोलीत राहतो. आधीचे भाडेकरू कुकर आणि मिक्सर स्वस्तात देत आहेत. घ्यावे का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मिक्सर घ्यावा, कुकरचा नीट विचार करावा. मिक्सरचे जे भाग झिजतात ते जवळजवळ सगळे मोहल्ल्यातील दुरुस्तीच्या दुकानात बदलून मिळतात : कपलर, भांड्याचा बुश, पाते, कार्बन. भांडे लावून, थोडे पाणी घालून चालवून पाहावे. खालून पाणी गळले तर बुश गेला आहे, मोटर फिरते पण पाते फिरत नाही तर कपलर गेला आहे, आणि या दोन्ही कारणांवरून भाव पाडून मागता येतो. जळका वास आला तर मात्र मोटर जळत आली आहे; तो मिक्सर फुकटही नको. त्या मॉडेलची भांडी बाजारात अजून मिळतात का, हेही विचारावे.

कुकरमध्ये रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह या बदलण्याच्याच वस्तू आहेत, आणि जुना कुकर घेतल्यावर त्या दोन्ही, त्याच कंपनीच्या, त्याच दिवशी बदलाव्यात. धोका असतो तो न बदलणाऱ्या भागात. बूड बाहेर फुगलेले असेल, काठ चेपलेला असेल, अॅल्युमिनियमला आतून खोल खड्डे पडले असतील, किंवा झाकण एका कुकरचे आणि भांडे दुसऱ्याचे असेल, तर तो घेऊ नये. बुडावर आयएसआयची खूण आणि तिच्याखाली परवाना क्रमांक हवा. एवढे सगळे ठीक असल्यास देणाऱ्याच्या समोर, नुसते पाणी घालून शिटी काढून पाहावी. बाजूने वाफ निसटत असेल आणि नवे रबर घालूनही ती थांबत नसेल तर काठ गेलेला आहे. भाडेकरू ओळखीचे आहेत म्हणून आम्ही इतके तरी सांगितले. रस्त्यावरच्या ढिगातला, कोणी किती वर्षे आणि कसा वापरला हे न कळणारा कुकर घेऊ नये, असेच आमचे मत आहे.

प्रश्न : जुने नॉनस्टिक तवे फारच स्वस्त मिळतात. थोडे ओरखडे असले तर चालतील का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : घेऊ नयेत. तो लेप सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या पुढे बिघडू लागतो, आधीच्या मालकाने तो किती वेळा तसा तापवला हे दिसत नाही, आणि एकदा गेलेला लेप घरी पुन्हा देता येत नाही. त्याच पैशांत बिडाचा गंजलेला तवा घ्यावा.

प्रश्न : मी घरगुती पोळी-भाजी केंद्र वाढवून गाळ्यात नेत आहे. बंद पडलेल्या एका उपाहारगृहाचे सामान एकगठ्ठा मिळते आहे. सगळे घेतल्यास फारच सवलत देतो म्हणतात. — एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : एकगठ्ठा घेण्यात विक्रेत्याची सोय जास्त असते. आपल्याला लागणाऱ्या वस्तूंची यादी करून त्यांच्या वेगवेगळ्या किमती मागाव्यात, आणि त्यांची बेरीज एकगठ्ठा भावाच्या जवळ जात असेल तरच उरलेल्या वस्तूंचा विचार करावा. स्टीलची टेबले, मांडण्या, सिंक, मोठी पातेली आणि परातींमध्ये बिघडण्यासारखे काही नसल्यामुळे ती निर्धास्तपणे घ्यावीत. पत्र्याचा गेज विचारावा, आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. चुंबक चिकटत नाही म्हणजे स्टील उत्तम, असे विक्रेते सांगतात. त्यावर विसंबू नये, कारण स्टीलच्या हलक्या २०२ प्रतीलाही चांगल्या ३०४ प्रतीप्रमाणेच चुंबक सहसा चिकटत नाही. सिंकच्या कोपऱ्यांत आणि जोडांवर गंजाचे ठिपके दिसतात का ते पाहणे अधिक खात्रीचे.

कणीक मळण्याचे यंत्र आणि ग्राइंडर यांच्या मोटरवरची पाटी वाचून ती सिंगल फेजची आहे की थ्री फेजची, हे गाळ्यातील वीजजोडणीशी ताडून पाहावे. थ्री फेजची जोडणी नव्याने घेण्याचा खर्च आणि वेळ यंत्राच्या सवलतीत बसत नाही. यंत्र रिकामे नव्हे, कणीक घालून चालवून दाखवण्यास सांगावे. डीप फ्रीझर आदल्या दिवशी चालू ठेवायला लावावा, दुसऱ्या दिवशी जाऊन आतले बर्फ आणि झाकणाचे रबर पाहावे, आणि तो गॅस भरणाऱ्या ओळखीच्या मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. शेगडीचा सांगाडा जुना चालेल. नळ्या आणि रेग्युलेटर नवेच घ्यावेत, त्यात काटकसर करू नये.

उपाहारगृह भाड्याच्या जागेत होते का आणि मालकाचे भाडे, वीजबिल किंवा यंत्रांवरचे कर्जाचे हप्ते थकले आहेत का, याची शेजारच्या दुकानदारांकडे चौकशी करावी. तारण असलेले यंत्र विकत घेतल्यास कर्ज देणारा उद्या गाळ्यात येऊन उभा राहू शकतो. म्हणून प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक, विकणाऱ्याचे नाव, सही आणि तारीख असलेली पावती घ्यावी, आणि पैसे रोखीने न देता बँकेमार्फत द्यावेत.